मोट वर आली तेव्हा

आमच्या गावचं कुणी भेटलं की मला त्या दिवसाची हकीकत सांगायला लागतं. मलाच. जणू मी तिथं नव्हतेच. "बैल बुजला हो बाई, न्हायतर तुमचं मालक आज असतं," म्हणतात, आणि वर बैलाचा रंगही सांगतात, तोही चुकीचा. पूर्वी मी भांडायची. आता म्हणते, बरं बाबा, तुझंच खरं.

विहिरीवर आम्ही तिघंच होतो. माझा नवरा, माझा धाकटा दीर आणि मी. नवरा गेला. दिराला त्यातलं काही म्हणता काही आठवत नव्हतं. राहिले मी, आणि मला जे आठवत होतं ते कुणाच्याही उपयोगाचं नव्हतं. माहेरी माझी चौथी झाली होती. नवरा गेल्यावर पुढं शिकले, सोलापुरात मुलींच्या शाळेत लागले, म्हणून आज हे कागदावर तरी उतरवता येतंय.

तीस साली सोलापुरात लष्करी कायदा लागला, त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. वळसंगच्या पलीकडे आमचं शेत होतं. त्यात विहीर, आणि विहिरीवर मोट. आता जिकडंतिकडं इंजिनं बसलीत, मोट बघितलेली माणसंही कमी होत चाललीत, म्हणून सांगते. मोट म्हणजे चामड्याची भलीमोठी पखाल. तिच्या तोंडाला लोखंडी कडं, कड्याला विहिरीवरच्या चाकावरून आलेला जाड दोर, त्याला नाडा म्हणायचं. विहिरीपासून लांब उतरत गेलेली वाट असते, ती धाव. बैल विहिरीकडं पाठ करून धावेवरून खाली चालत गेले की मोट वर येते, तिच्यातलं पाणी खालच्या सोंडेतून आपोआप थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी हौदात, पडतं आणि पाटाला लागतं. मोट रिकामी झाली की हाकणारा बैलांना उलट्या पावलांनी मागं आणतो, मोट परत खाली. दिवसभर एवढंच. बघणाऱ्याला कंटाळा येईल, पण जनावराला आणि माणसाला ते एकदा अंगवळणी पडलं की पुढं डोक्याचं काम उरत नाही.

दिराच्या तर हाडात मुरलं होतं. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो मोट हाकत होता. आमचे बैल वासरं असतानाच अक्कलकोटच्या बाजारातून आणलेले, त्यांना कानडी कळायचं. हा त्यांच्याशी कानडी बोलायचा आणि मला चिडवायचा, "वैनी, बैलांस्नी कळतं, तुमास्नी अजून कळंना व्हय?" मी म्हणायची, तुमची बायको आली की तिला शिकवा.

पण त्याचं मन शेतात नव्हतं. त्याच्या बरोबरीची पोरं सोलापूरला गिरणीत लागली होती. बाजाराच्या दिवशी ती पायात बूट घालून गावात यायची आणि हा त्यांच्याकडं बघत बसायचा. त्यानं विषय काढला की मालक म्हणायचे, "मोट कोण हाकणार, तुझा बाप?" बाप कधीचाच गेलेला, आणि दोघांचा एकच, पण मालकांचं बोलणं असंच होतं. माणूस वाईट नव्हता. तापट होता. त्या आठवड्यात खळ्यावर चारचौघांत पुन्हा तेच निघालं, शब्दानं शब्द वाढला, आणि मालकांनी त्याच्या थोबाडीत दिली. दीर गालाला हात लावून म्हणाला, "आण्णा, एक दिस बघाच तुमी." एवढंच म्हणाला. मोठ्यानंही नाही. पण ऐकणारे कान काय कमी असतात?

त्या सकाळी मोट विहिरीत कपारीला अडकली. ओढून निघेना. दिरानं बैल सोडून बाभळीखाली बांधले. मालकांनी अंगातली बंडी काढली आणि विहिरीच्या खोबणीत पाय देत खाली उतरले. आमच्या विहिरीची एक बाजू बांधलेली होती, दुसरी नुसती माती आणि दगडगोटे. मी न्याहारी घेऊन आले होते, थारोळ्याशी उभी राहिले. दोघं भाऊ त्या दिवशीही एकमेकांशी बोलत नव्हते. जे काय सांगायचं ते माझ्याकडून. "त्याला म्हणावं दोर सैल सोड." "त्यास्नी म्हणावं सोडलाय." मला तर हसू येत होतं.

मालकांनी मोट सुटी केली आणि मातीची बाजू खचली. फार नाही, गाडीभर ढिगारा असेल. पण त्यातला एक धोंडा त्यांच्या नडगीवर आला. वर यायच्या खोबणीही मातीखाली गेल्या. त्यांनी खालून ओरडून सांगितलं की पाय गेला, चढता येत नाही, आणि वरची माती अजून हलतीय. मी वाकून बघितलं. त्यांच्या डोक्यावर फट पडली होती आणि तिच्यातून बारीक माती सारखी गळत होती. ती सगळी बाजू कधीही येणार हे मला दिसत होतं, त्यांनाही दिसत होतं.

दिराला रोज बैल जुंपायला बिडी संपेस्तोवर वेळ लागायचा. त्या दिवशी मी वळून बघते तो बैल जुंपलेले, नाडा ताठ. ते त्यानं कसं केलं, कधी केलं, मला कळलं नाही आणि त्यालाही कधी सांगता आलं नाही. भ्यालेला माणूस थिजतो म्हणतात, पण हा थिजला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक होता आणि हात भलतेच चलाख. मालक मोटेच्या कड्यावर चांगला पाय टेकून दोराला मिठी मारून उभे राहिले. मोट पाण्यानं भरलेली तशीच होती, रिकामी करायला वेळ कुणाला होता? मी हात केला. बैल निघाले.

इथून पुढचं नीट लिहायचं म्हणजे मला राग येतो. स्वतःच्याच डोक्याचा राग. मोट वर येत होती आणि मला त्या मोटेच्या चामड्यावरचे टाके दिसत होते. एकेक टाका. एका ठिकाणी दोरा नवा होता, गाठ मारून शेपूट तसंच सोडलेलं. ते शेपूट मी आज काढून दाखवीन. मालकांचा हात थारोळ्याच्या दगडावर आला हे आठवतं, नखात माती होती. मी त्यांच्या मनगटाला धरलं होतं की नव्हतं, ते सांगता येत नाही. त्यांचं तोंड आठवत नाही. आणि आवाज तर नाहीच. बैल, चाक, मालक, मी, कुणाचाच आवाज माझ्या आठवणीत नाही. मग तो हात तिथं नव्हता. नाडा उलटा पळत होता आणि चाक गरगर फिरत होतं.

खाली त्यांचं डोकं दगडावर आपटलं. मी शेजारच्या शेतापर्यंत पळत जाऊन माणसं आणली. अनवाणी गेले, बाभळीतून गेले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझे तळवे बघितले आणि सुईनं काटे काढायला बसल्या, तेव्हा मला पहिल्यांदा दुखलं. मालकांना वर काढलं तेव्हा ते गेलेले होते.

पोलीस पाटील आला, सोलापूरहून फौजदार आला, पंचनामा झाला. मला विचारलं, बैल मागं कसे आले? मी म्हटलं, ठाऊक नाही. दीर कुठं होता? धावेच्या टोकाला. त्यानं काय केलं? मला दिसलं नाही, माझी त्याच्याकडं पाठ होती. फौजदारानं विचारलं, तुमच्या मालकांच्या अंगात काय होतं? मी छातीठोकपणे सांगितलं, बंडी, खांद्याला उसवलेली. सासूबाई हळूच म्हणाल्या, "आगं, बंडी तुज्याच खांद्यावर हुती की." खरंच होती. घरी येईस्तोवर ती माझ्याच खांद्यावर होती. मी मात्र ती मालकांच्या अंगात बघितली होती, उसवलेल्या जागेसकट. त्या दिवसापासून मी माझ्या डोळ्यांवर विसंबायचं सोडून दिलं.

दिराला विचारलं तर तो म्हणाला, बैल चालवत होतो, मग माणसं ओरडत आली. मधलं काही नाही. सासूबाई मात्र ठामपणे म्हणाल्या, डावा बैल बुजरा आहे, तोच बुजून मागं आला. फौजदारानं अपघात लिहिलं आणि तो गेला. आठवड्याभरात सासूबाईंनी डावा बैल बाजारात मिळेल त्या भावाला फुंकून टाकला. जो भेटेल त्याला सांगितलं, ह्यानं माझा लेक खाल्ला. कुणी विचारलं नाही तरी सांगितलं.

तरी गाव गप्प बसतंय होय? खळ्यावरची थोबाडीत सगळ्यांनी बघितली होती. पाणवठ्यावर बायका माझ्याकडं बघून कुजबुजायच्या. माझा भाऊ न्यायला आला आणि मला म्हणाला, "ज्यानं नवरा मारला त्याच्या हातचं खातीस?" मी त्याला चार शब्द सुनावले आणि परत पाठवला. पण रात्री पडल्या पडल्या मलाही तेच वाटायचं. मारलं असेल का? मुद्दाम नाही, पण त्या क्षणी हाताला राग आला असेल का? एका घरात राहायचं, त्याला भाकरी वाढायची, आणि हे मनात. मला त्याच्याबद्दल माया होती आणि मला त्याची भीती वाटत होती, दोन्ही एकाच वेळी, आणि त्यातलं कुठलं खरं ते माझ्या त्या फुटक्या आठवणीत अडकलेलं.

तोही तेवढंच मागत होता. सासूबाई नसल्या की यायचा, उंबऱ्यापाशी बसायचा.

"वैनी, तुमी बघितलंसा न्हवं?"

"मी कुटं बघितलं भावजी, माजी पाठ हुती."

"तरी बी. काय तरी."

"काय न्हाय आठवत."

मग तो मान हलवायचा आणि उठून जायचा. काही दिवसांनी परत. मला वाटायचं, ह्याला माझ्या तोंडून ऐकायचंय की तू रागानं केलं नाहीस. मला ते म्हणता आलं असतं, पण मी खोटं बोलायची नाही. मोटेला तर तो हातच लावत नव्हता. विहिरीची बाजू बांधून घेतली होती, एक गडी ठेवला होता, तो मोट हाकायचा. हा नांगरायचा, कोळपायचा, पण धावेवर पाय ठेवायचा नाही. खाणं कमी झालं होतं. विहिरीच्या काठावर नुसता उभा दिसायचा, तेव्हा सासूबाई हातातलं टाकून त्याला काहीबाही कारणानं हाक मारायच्या. दुसराही लेक त्याच विहिरीत जाईल ही त्यांची धास्ती होती, आणि माझीही.

पुढचा उन्हाळा आला. गडी तापानं पडला. रानात वांगी होती, दोन पाणी चुकली असती तर जळून गेली असती. सासूबाई स्वतः बैल घेऊन निघाल्या तेव्हा दिराला बघवलं नाही. त्यानं त्यांच्या हातातले कासरे घेतले. डावीकडचा बैल नवा होता. अक्कलकोटकडचा नव्हता, टेंभुर्णीकडचा. त्याला मागं चालायची अजून नीट सवय नव्हती, गडी रोज त्याच्या नावानं शिव्या घालायचा.

मी थारोळं घासायला गेले होते. शेवाळ फार धरलं होतं. घागर भरून घेऊन दगडावर ठेवली होती. दिरानं पहिल्या मोटा नीट काढल्या. मलाही बरं वाटलं. मग एक मोट निम्म्यात आली असेल, बैल धावेच्या मध्यावर, आणि माझ्या कोपराचा धक्का लागून घागर थारोळ्यात आडवी झाली. भडभड पाणी कोसळलं.

मोट वर येताना हाकणारा नाड्यावर बसलेला असतो, दिरानं तिथून खाली उडी मारली, "हिंदक्के" म्हणाला, म्हणजे कानडीत 'मागं', आणि कासरे ओढले. मध्यावरच. मोट अजून वर यायची होती, पाणी पडायचा प्रश्नच नव्हता. नवा बैल मान टाकून अडला, त्याला मागं जायचं नव्हतं, दिरानं त्याला ओढून मागं घेतला. चाक गरगर फिरलं, मोट खाली आपटली.

तो आपटल्याचा आवाज आला आणि मला तो दुसरा आवाज ऐकू आला. वर्षभर जो नव्हता तो. त्या दिवशीही मोट वर आली तेव्हा सोंडेतलं पाणी असंच थारोळ्यात कोसळलं होतं. मालकांचा हात दगडावर आणि त्याच वेळी पाणी. मोटेवर माणूस होता म्हणून पाण्याचा विचारच आम्ही कुणी केला नव्हता. हाकणाऱ्याला मोट दिसत नाही, तो कानावर चालतो, हे तर गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तो आवाज मला खरंच आठवला की आत्ताच्या घागरीवरून मीच जोडला, देव जाणे. बंडीचा अनुभव गाठीशी होता. पण माझ्या डोळ्यांसमोर त्याचे हात मागं आले होते. त्यात कुठलाही राग नव्हता. त्याला कळायच्या आत आले होते.

मला आनंद झाला. सरळ सांगते, नवरा गेल्यापासून पहिल्यांदा झाला. मी घासणी टाकून धावेवर पळत गेले.

"भावजी, बघितलंसा? तुमी जाणून न्हाय केलं. पाणी वाजलं की तुमचं हात मागं येत्यात. त्या दिशी बी तसंच झालं. राग न्हवता त्यात, कायच न्हवतं. नुसती सवय."

तो हातातल्या कासऱ्याकडं बघत होता. मग म्हणाला, "म्हंजी बैल बुजला न्हवता."

वर्षभर तो उंबऱ्यापाशी बसून काय मागत होता ते मला तेव्हा समजलं. रागानं केलं की नाही, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. तो राग मीच त्याच्या तोंडी घातला होता, मी आणि गावानं. त्याला फक्त एवढं हवं होतं की कुणीतरी बघितलेल्या माणसानं म्हणावं, व्हय, बैलच मागं आला.

"म्हंजी मीच घेतलं मागं," तो म्हणाला.

"तुमी न्हाय, भावजी. हातानं घेतलं."

"हात कुनाचं, वैनी?"

त्यानं बैल सोडले, त्यांना पाणी पाजलं, नव्या बैलाच्या मानेवरून हात फिरवला. वांग्यांचं पाणी अर्धंच राहिलं. संध्याकाळी तो जेवायला बसला, भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवून उठला. पहाटे त्याचं अंथरूण रिकामं होतं. आम्ही दोघी आधी विहिरीकडे पळालो. पाणी निवांत होतं. पुढं कळलं की तो चालत सोलापूरला गेला आणि गिरणीत लागला. ज्यासाठी थोबाडीत खाल्ली तिथंच. घरी पुन्हा कधी आला नाही, आणि गिरणीतही फार दिवस टिकला नाही. तिथून कुठं गेला, कुणी मुंबई म्हणतं, कुणी आणखी काही.

त्या पहाटे विहिरीवरून परत येताना मी सासूबाईंना घागरीचं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, लेकाच्या मनात खोट नव्हती हे ऐकून त्यांना बरं वाटेल. त्या वाटेतच खाली बसल्या.

"मला ठावं हुतं," त्या म्हणाल्या.

"काय ठावं हुतं?"

"त्यो बैल वासरू असल्यापास्नं आपल्या दारात हुता. कदी बुजला न्हाय. कशाला बुजंल?"

"मंग विकलासा का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. लेकाला वाढतात तसं माझं ताट त्यांनी पुढंही वाढलं, मरेपर्यंत वाढलं, पण त्या दिवशी जे बोलल्या ते पुन्हा कधी मागं घेतलं नाही.

"एक लेक विहिरीत गेला. दुसऱ्याला जगायला कायतरी लागत हुतं. म्या बैल दिला. त्यो तू काढून घेतलास."

मी म्हटलं, खरं ते खरं, आत्याबाई. मी तेव्हा तेच म्हटलं आणि आजही मला दुसरं काही म्हणता येत नाही. त्या उठल्या, पदर झटकला आणि घराकडं चालू लागल्या. मी त्यांच्या मागून गेले.